लांडगा बदलून मिळत नाही

शाळेत मी तीस वर्षं 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट शिकवली. त्यातला पोरगा खोटं बोलतो हे सगळ्या मुलांच्या लक्षात राहायचं. शेवटी लांडगा खरंच येतो, तो कुठून येतो, कुठे राहतो, हे एकाही मुलाने कधी विचारलं नाही, आणि मलाही ते सांगावंसं वाटलं नाही. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याच लांडग्याची बाजू घेऊन लिहायला बसले आहे. कारण झाला माझा पुण्याचा भाचा.

दिवाळीत तो वर्ध्याला आला होता. माझ्या माहेरच्या गावचं, आर्वी तालुक्यातलं गायरान, तिथे झाडं लावायचं घाटतंय. मी म्हटलं, "अरे, त्या माळावर लांडगे आहेत, त्यांना उघडी जागा लागते, झाडी नाही." तर हा चकली मोडत म्हणतो, "मावशी, लांडगेच ना? संपले तर बाहेरून आणतील. चित्ता नाही का आणला आफ्रिकेतून?"

त्याला वाईट वाटेल म्हणून तेव्हा गप्प बसले. पण शिकलेली, चांगली माणसंही असंच बोलतात म्हणून आता लिहिते. (बाळा, तू हे वाचतोस हे माहीत आहे मला.)

आधी चित्त्याचंच घेऊ. आपल्याकडचा चित्ता आशियाई. १९४७ च्या सुमारास कोरियाच्या राजाने शेवटचे तीन मारले आणि १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्याआधीच संस्थानिकांना देशी चित्ते मिळेनासे झाले होते. आपल्या कोल्हापूर संस्थानातही शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणत. म्हणजे बाहेरून आणायची कल्पना काही आजची नाही. पण ते पाळलेले, साखळीतले चित्ते. रानात सोडून त्यांनी संसार करावा अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

आशियाई चित्ता आज फक्त इराणात उरलाय, तोही मोजक्या संख्येत. म्हणून आफ्रिकेतली उपजात आणायची ठरली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला नकार दिला, २०२० मध्ये प्रयोग म्हणून परवानगी दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून ८ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते विमानाने आले.

पुढे काय झालं ते भाच्याने नीट वाचावं. २०२३ च्या जुलै-ऑगस्टात कुनोत तीन चित्ते जंतुसंसर्गाने गेले. तज्ज्ञांनी दिलेलं कारण वाचून मी पेपर खाली ठेवला. दक्षिण गोलार्धात जून ते ऑगस्ट हिवाळा असतो. त्या जनावरांच्या अंगाने तिकडचा हिवाळा धरून दाट केस काढले. इथे मात्र पावसाळा, दमट आणि उकाड्याचा! ओल्या केसांखाली खाज सुटली, खाजवून जखमा झाल्या, त्यात माशांनी अंडी घातली, किडे पडले. चित्ता भारतात येऊन पोचला होता, पण त्याचं अंग अजून आफ्रिकेच्या पंचांगावर चाललं होतं.

न्यायाने बोलायचं तर पुढे कुनोत पिल्लंही झाली, काही जगली, वाढली. तो प्रयोग फसला असं मी म्हणत नाही. उपजात बदलली की नुसतं नाव बदलत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

यावर भाच्यासारखे हुशार लोक अमेरिकेचं उदाहरण काढतात. यलोस्टोनमधले लांडगे १९२६ पर्यंत मारून संपवले होते. १९९५ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टातून १४ आणि १९९६ मध्ये ब्रिटिश कोलंबियातून १७ आणून सोडले. तिकडच्या पशुपालकांनी ओरड केली, 'आमचा जुना लांडगा लहान होता, हा कॅनडातला राक्षस आणलात.' मला त्यांची ओरड फारशी पटत नाही. कॅनडा तिथून लांब नाही. लांडगा शेकडो मैल चालत जातो, दोन्ही मुलुखांतले लांडगे पूर्वी एकमेकांत मिसळत. थंडी तीच, बर्फ तेच, शिकारही तीच मोठी हरणं. तिथे शेजारच्या गावाहून पाहुणा आणावा तसं झालं.

आपल्या लांडग्याला असा शेजारी कुठून आणणार? २०२१ मध्ये लांडग्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतीय आणि तिबेटी लांडगा या जगातल्या लांडग्यांच्या फार जुन्या, वेगळ्या पडलेल्या शाखा आहेत असं त्यात निघालं. तिबेटी लांडगा थंड पठारावरचा, दाट लोकरीचा. त्याला आर्वीच्या मे महिन्यात आणून सोडा बरं! आपला लांडगा अंगाने बारीक, साधारण वीस किलोचा, आखूड केसांचा. कॅनडाचा नर त्याच्या दुप्पट भरतो. तिकडचा मोठ्या कळपाने बर्फात एल्क पाडतो. आपला जोडीने नाहीतर चार-पाच जणांनी हिंडतो, काळवीट, चिंकारा, ससा, उंदीर, आणि हो, शेळ्या-मेंढ्यासुद्धा खातो. तिकडे पिल्लं एप्रिलच्या सुमारास होतात, आपल्याकडे बहुतेक हिवाळ्यात. शिवाय आपला लांडगा राखीव जंगलात फार राहतच नाही. तो राहतो शेताच्या बांधाशी, माळावर, माणसांच्या अगदी नजरेच्या कडेला. हे शेजारपण कॅनडाच्या लांडग्याला कोण शिकवणार?

आमच्या वर्धेकरांना हे खरं तर सांगायला नको. आर्वी-कारंजाकडची गवळाऊ आठवा. पांढरी, हलकी, चपळ. आमच्या उन्हात रानात चरून येणारी. हेटीकुंडीला तिच्यासाठी सरकारी केंद्र आहे. मग गोठ्यात जर्सीचा संकर आला. दूध जास्त, कबूल. पण तिला सावली हवी, पंखा हवा, हिरवा चारा हवा, आणि उन्हाळा आला की घरातलं माणूस आजारी पडावं तशी तिची काळजी. माझ्या वडिलांनी एक ठेवली होती. मे महिन्यात ती धापा टाकायची आणि वडील तिच्यावर बादल्या ओतायचे. विहिरीला पाणी असेपर्यंत ठीक होतं.

असो, विषयांतर झालं.

२०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात सुमारे ३,१०० लांडगे आहेत आणि त्याच वर्षीच्या गणनेत वाघ ३,६८२. म्हणजे वाघापेक्षा लांडगे कमी! आमच्या बोरच्या वाघाचा फोटो पेपरात येतो, माळावरच्या लांडग्याचा येत नाही. सरकारदरबारी माळरान म्हणजे पडीक. तिथे सोलर लावा, प्लॉट पाडा, समृद्धी महामार्ग न्या, काही नाही तर खड्डे खणून झाडं लावा. झाडं लावली की सगळ्यांना पुण्य लागतं. पण गवत बुडालं की ससा जातो, ससा गेला की लांडगा मेंढीवर येतो, आणि मग काठ्या निघतात. त्यात गावोगावची मोकाट कुत्री. पुण्याकडच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीत सिद्ध झालं. इतकी जुनी वंशावळ अशी उकिरड्यावर मिसळून चालली आहे.

आता दुसरी बाजू. गावातल्या मेंढपाळाला मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. मागच्या थंडीत त्याच्या दोन मेंढ्या गेल्या होत्या. तो म्हणाला, "बाई, लांडगा राहो ना, माहं काई म्हननं नाई. पन माह्या मेंढ्या कोन भरून देईन?" लांडग्याने मारलेल्या जनावराची भरपाई मिळते हे त्याला माहीत होतं. पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत मेंढी कुत्र्यांनी ओढून नेली. त्याच्यापुढे मला माझे जनुक काढायची लाज वाटली. लांडगा वाचवायचा तर त्याची किंमत एकट्या मेंढपाळाने का द्यावी? चित्त्यासाठी विमान पाठवता येतं, तर मेंढीचे पैसे आठ दिवसांत का देता येत नाहीत?

म्हणून ग्रामसभेसाठी मी अर्ज लिहिलाय. त्यात दोनच गोष्टी मागितल्या आहेत. गायरानाचा गवताचा पट्टा मोकळा राहू द्यावा, झाडं शाळेभोवती आणि रस्त्याच्या कडेला लावावीत. आणि मेंढी गेली तर ग्रामपंचायतीने त्याच दिवशी फोटो काढून नोंद करावी. अकरा सह्या झाल्या आहेत. बाराव्या जागी मेंढपाळाचं नाव लिहून ठेवलंय, त्याने अजून सही केलेली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाते त्याच्याकडे.