शिकारीचा परवाना कोणासाठी?
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोठ्या शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली, हे योग्यच झाले. परंतु विषमता गेली काय? पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर मारण्याची परवानगी आजही मिळू शकते. मात्र तिचा लाभ बंदूकधाऱ्यालाच. माळढोक अभयारण्यालगतच्या नान्नज शिवारातील कोरडवाहू शेतकऱ्याजवळ बंदूक कोठून असणार? शिवाय काळविटाने ज्वारी फस्त केली, तर पीकनाशाचे कारण कायद्याला पुरत नाही, आणि ते उचितही आहे. तेव्हा न्याय परवान्यांच्या वाटपात नसून वेळेवर होणाऱ्या पंचनाम्यात व पुरेशा भरपाईत आहे. वन्यजीवांचे रक्षण हे साऱ्या समाजाचे हित होय. त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी?