बिनपगारी शिक्षा

‘शिक्षा’ या शब्दाची आपण मराठी माणसांनी जी दशा केली आहे, ती पाहून एखाद्या संस्कृत पंडिताच्या डोळ्यांत पाणी यावे. मूळ संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे आणि शिकवणे. वेदांच्या सहा अंगांपैकी एकाचे नावच शिक्षा. हिंदी भाषकांनी तो अर्थ सांभाळला. त्यांचा शिक्षामंत्री म्हणजे आपला शिक्षणमंत्री. आपण मात्र दोघा भावांची वाटणी करावी तसे केले. ‘शिक्षण’ नावाच्या भावाला शाळा-कॉलेज दिले आणि ‘शिक्षा’ नावाच्या भावाच्या वाट्याला छडी, दंड आणि तुरुंग टाकला. पुढे दोघांचे बोलणेही बंद झाले. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुले हसतात. पण हे दोन भाऊ पुन्हा एका घरात नांदू शकतील काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा राहिलेला नाही.

त्याला कारण आपला नवा फौजदारी कायदा. दिवाळीच्या फराळात कायद्याची कलमे वाढतो आहे म्हणून वाचकांनी रागावू नये. चार घास पोटात गेल्यावर ती तितकीशी जड वाटणार नाहीत. १ जुलै २०२४ पासून जुने दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. आम्हा वाशीमकरांना १ जुलै ही तारीख तशीही पाठ असते. १९९८ साली त्याच दिवशी अकोल्यातून फुटून आमचा जिल्हा वेगळा झाला. तर या संहितेत फाशी, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती आणि दंड या जुन्या मंडळींच्या पंगतीत एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. त्याचे नाव समाजसेवा. समाजाच्या उपयोगी पडेल असे काम न्यायालयाने दोषी माणसाकडून करून घ्यावे आणि त्याबद्दल त्याला एक पैसाही देऊ नये, अशी ही शिक्षा. ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ असे आपण थट्टेने म्हणतो. हा बिनपगारी कैदी म्हणायचा, आणि तोही तुरुंगाबाहेरचा!

ही सवलत सहाच अपराधांना आहे. सरकारी नोकराने बेकायदा व्यापार करणे, न्यायालयाने जाहीरनामा काढूनही हजर न होणे, अधिकाऱ्याला अडवण्यासाठी कचेरीपुढे जीव द्यायला निघणे, अब्रुनुकसानी, दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घालणे, आणि पाच हजार रुपयांच्या आतली चोरी. यातली चोरीची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला हवा आणि चोरलेली वस्तू किंवा तिची किंमत त्याने परत करायला हवी. तसे असेल तर त्याला समाजसेवेचीच शिक्षा. मात्र कोणते काम, किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, हे संहितेत लिहिलेले नाही. पाहुणा घरात आला खरा, पण त्याला कोणत्या खोलीत उतरवायचे हे मूळ कायद्याने ठरवलेले नाही.

पण या पाहुण्याची थोरली बहीण आपल्या घरात केव्हाचीच नांदते आहे. तिचे नाव परिवीक्षा. शब्द अवघड आहे, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. मुलगा नोकरीला लागला की पहिले काही महिने त्याला ‘प्रोबेशन’वर ठेवतात, आणि घरातली मंडळी ‘पर्मनंट झाला का?’ म्हणून विचारीत राहतात. कायद्यातले प्रोबेशन तसेच. माणूस दोषी ठरतो, पण न्यायालय त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर घरी पाठवते. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. आवश्यक वाटले तर परिवीक्षा अधिकाऱ्याची त्याच्यावर देखरेख. वागणूक सुधारली तर उत्तम; बिघडली तर पुन्हा न्यायालयापुढे उभे राहायचे आहेच. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात हे सारे आहे. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा अपराधांना अर्थातच ते लागू नाही. एकवीस वर्षांच्या आतल्या मुलाला तर न्यायालयाने शक्यतो तुरुंगात पाठवूच नये आणि पाठवायचेच असेल तर तशी कारणे लिहून ठेवावीत, असे हा कायदा सांगतो. परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रताही चिकटत नाही, हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य. वऱ्हाडी माणसाने थोडी कॉलर ताठ करावी अशी एक गोष्ट येथे आहे. मुंबई इलाख्याने असा कायदा १९३८ साली केला. मध्यप्रांत व वऱ्हाडाने तो १९३६ सालीच केला होता.

आता या कल्पनेच्या माहेरी जाऊ. न्यायाधीश, प्राध्यापक, पुढारी यांपैकी कोणीही तिचा जनक नाही. तो मान बोस्टन शहरातल्या एका जोडे शिवणाऱ्याचा आहे. जॉन ऑगस्टस त्याचे नाव. १८४१ साली तो न्यायालयात बसला असताना एका दारुड्याला तुरुंगात पाठवण्याची वेळ आली. ऑगस्टसने त्याच्याशी दोन शब्द बोलून पाहिले आणि त्याचा जामीन घेतला. तीन आठवड्यांनी तो माणूस परत आला तो ओळखू येऊ नये इतका सुधारून. न्यायाधीशाने त्याला दंड केला एक सेंट! १८५९ साली ऑगस्टस वारला तोवर त्याने सुमारे दोन हजार माणसांचे जामीन घेतले होते. लोकांनी त्याला वेड्यातच काढले असणार, कारण शहाणी माणसे दुसऱ्याच्या जामिनाला उभी राहत नाहीत, ही शिकवण काही फक्त आपल्याच वाडवडिलांनी दिलेली नाही. बिनपगारी कामाची शिक्षा मात्र अलीकडची. इंग्लंडने १९७२ साली तिचा कायदा केला, तेव्हा काम चाळीस ते दोनशेचाळीस तासांचे होते. पुढे ही वरची मर्यादा तीनशे तासांवर गेली.

आपल्याकडे याहून धाडसाचा प्रयोग झाला तो सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ. १९३९ साली औंध संस्थानात मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनियरच्या कल्पनेतून आणि राजेसाहेबांच्या पाठिंब्याने ‘स्वतंत्रपूर’ वसले. भिंत नसलेला तुरुंग! गंभीर गुन्ह्यांतले कैदी तेथे बायकामुलांसह राहून शेती करू लागले. त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनपर्यंत त्याचा गौरव झाला. पडद्यावरचे सहा खुनी पाहून आपल्या आजीचे डोळे पाणावले असतील. पण तीच आजी घरी आल्यावर पायलीभर ज्वारी चोरणाऱ्या गड्याला पुन्हा कामावर घेईल का? पडद्यावरच्या कैद्याला क्षमा करायला तिकिटाचे पैसे पुरतात. अंगणातल्या चोराला क्षमा करायला त्याहून काही जास्त लागते.

उलट बाजूचा रागही आपल्या ओळखीचा आहे. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्यात कल्याणीनगर भागात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्या मुलाला जामीन दिला. अटींपैकी एक, तीनशे शब्दांचा निबंध. साऱ्या महाराष्ट्राचा संताप झाला आणि तो योग्यच होता. काही दिवसांत तो आदेशही बदलला. मी जन्मभर निबंध तपासत आलो आहे. तीनशे शब्दांत पश्चात्ताप बसत नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. ‘माझा आवडता ऋतू’सुद्धा धड बसत नाही. पण त्या गदारोळात एक गोष्ट निसटली. तो निबंध म्हणजे शिक्षा नव्हती, ती जामिनाची अट होती. खटल्याचा निकाल लागायचाच होता. लोकांच्या मनात मात्र समीकरण बसले की समाजसेवा म्हणजे श्रीमंताच्या पोरासाठी काढलेली पळवाट. सुधारणेची वाट गरिबाच्या पोराला आधी मिळाली असती, तर कदाचित ती पळवाट वाटली नसती.

माझ्या मनात याहून वेगळी शंका आहे, आणि ती भाषेच्याच वाटेने आली. फुकट करून घेतलेल्या सक्तीच्या कामाला मराठीत ‘वेठ’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘विष्टि’चा वंशज. आमचे वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. त्या वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला विष्टीतून, म्हणजे वेठीतून, सूट दिल्याचे उल्लेख सापडतात. दीड हजार वर्षांपूर्वीही वेठीतून सुटका हे राजाने द्यावे असे दान होते! आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने तर वेठबिगारीला बंदीच केली. मग न्यायालयाने दिलेली समाजसेवा आणि वेठ यांत फरक काय? माझ्या मते फरक एवढाच की वेठीत माणसाचे श्रम घेतात आणि त्याला विसरतात. समाजसेवेत माणूस परत मिळावा म्हणून श्रम घ्यायचे असतात. तो हेतू सुटला की उरते ती निव्वळ वेठ.

आणि झाडूचे काय? समाजसेवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतो तो झाडू. दारुड्याच्या हाती झाडू द्या, चौक झाडायला लावा, म्हणजे त्याची खोड मोडेल! पण तो चौक रोज पहाटे कोणी तरी झाडतच असते आणि तिच्या घरची चूल त्यावर पेटते. जे काम तिचे पोट आहे, ते आपण दुसऱ्याची शिक्षा ठरवली, तर तिला काय सांगितले? की बाई, तू काही गुन्हा न करता जन्मभर शिक्षा भोगते आहेस. याच वऱ्हाडात गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला, आणि तो हाती घेण्यात कमीपणा नाही हे गावोगाव शिकवले. त्या मुलखात तरी खराट्याला बेडीचा भाऊ करू नये. रुग्णालयात आजाऱ्यांना मदत, वाचनालयाची पुस्तके नीट लावणे, शाळेच्या भिंती रंगवणे, तलावाचा गाळ काढणे अशी कामे पुष्कळ आहेत. ज्याला सुतारकी येते त्याने बालवाडीची मोडकी बाके दुरुस्त करावीत. चौकातल्या लोकांनी हसावे म्हणून दिलेले काम माणसाला फक्त निर्ढावते.

हे सारे माझ्या डोक्यात कशामुळे आले तेही सांगतो. नवा कायदा यायच्या पूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयातला एकोणीस वर्षांचा मुलगा विहिरीवरच्या मोटारपंपाची केबल चोरताना इतर दोघांबरोबर सापडला. त्याचा बाप माझ्याकडे वर्तणुकीचा दाखला मागायला आला. त्या दाखल्याचा मजकूर ठरलेला असतो. कोऱ्या जागेत नाव भरले की झाले. पुढे परिवीक्षा अधिकारी चौकशीला आले आणि त्यांनी नाव भरून न संपणारे प्रश्न विचारले. घरी कमावते कोण? मुलगा संध्याकाळी कोठे बसतो? कोणाचे ऐकतो? परीक्षेत आम्ही विचारतो त्यांहून हे प्रश्न कठीण होते. मुलगा वर्षाच्या बंधपत्रावर सुटला. पण त्याला काम देईना कोणी. शेवटी मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने दुकानात ठेवून घेतले. ‘सर,’ तो मला म्हणाला, ‘केबल कुठं कापाची ते याले ठाऊकच हाय. आता जोडाची कशी तेवढंच शिकवाचं हाय.’ शिक्षा आणि शिक्षण या दोघा भावांचा समेट याहून नेमक्या शब्दांत मला कोणत्याही कोशात सापडलेला नाही.

मात्र त्या मुलाला एक गोष्ट अनुकूल होती. त्याला घर होते. अपराधी माणसाला किंवा त्याच्या जामीनदाराला त्या न्यायालयाच्या हद्दीत कायमचे राहण्याचे ठिकाण किंवा नियमित धंदा आहे, याची खात्री झाल्याखेरीज बंधपत्रावर सोडू नये, असे १९५८ चा कायदा म्हणतो. अट वाजवी दिसते. पण दिवाळी आटोपली की आमच्या भागातली किती तरी कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर परमुलखात जातात. पारध्यांसारख्या जमातींना तर १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोठे स्थिर होऊ दिले नाही, त्यांच्याकडे आपण कायमचा पत्ता मागतो. त्यांच्यासाठी मग उरतो तो जामीनदार. आणि जामीनदार म्हणजे तुमच्याआमच्यातलाच कोणी तरी, ज्याच्या दारावर पाटी आहे आणि खिशात वीजबिल आहे.

म्हणून मला वाटते, या नव्या शिक्षेची खरी परीक्षा आपली आहे. न्यायाधीश काम सांगेल, अधिकारी तास मोजील. पण त्या माणसाशी त्या तासांत बोलणार कोण? वाचनालयात पुस्तके लावायला आलेल्याला ग्रंथपाल पाण्याचा पेला देईल की कपाटांना कुलपे घालील? तास संपल्यावर त्याला कोणी कामावर बोलावील का? बोस्टनच्या त्या कारागिराने आणि आमच्या वाशीमच्या मोटारपंपवाल्याने कायद्याचे पुस्तक उघडले नव्हते. त्यांनी दुकानाचे दार उघडले. आपण निदान साखळी तरी काढून ठेवावी. ती आतूनच निघते.