मास्तरांनी कोणाला विचारायचे?



उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले, की काठावरची मोटर नुसती गरगरते, पाणी काही उचलत नाही. मग दोर बांधून तिला खाली उतरवायची. हे तुम्हाला सांगायला नको. वालूरला वळत वळत उतरणाऱ्या पायऱ्यांची जुनी बारव आहे. तिथे माणूस पाण्यापाशी उतरे, आता मोटर उतरते, इतकेच.

समजा, तुमच्या पोराने वर्गात विचारले, "सर, मोटर वरूनच का ओढत नाही? हॉर्सपॉवर वाढवली तर?"

अहो, मोटर पाणी ओढतच नाही! ती पाइपातला दाब कमी करते. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा भार असतो, तो पाणी वर ढकलतो. त्या भाराची ताकद ३३-३४ फुटांची, व्यवहारात पंचविसाच्या आतच. दहा हॉर्सपॉवरची बसवली तरी तेच.

गॅलिलिओसारख्या पंडितालाही हे उमगले नव्हते. पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराने त्याला ही अडचण सांगितली. १६३८ च्या ग्रंथात त्याने ती मांडली, पण कारण चुकले. लांब दोर आपल्याच वजनाने तुटावा, तसे पाणी तुटते म्हणाला. खरे कारण टॉरिचेलीने १६४४ मध्ये मित्राला पत्राने कळवले. तेव्हा कोड्यावर चार डोकी लागतात.

आपल्या खेड्यातला विज्ञानाचा मास्तर मात्र बहुधा एकटा. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झाले. तिथले शिक्षक दर महिन्याला जमत, वर्गात काय अडले ते एकमेकांना सांगत. २००२ साली ते बंद पडले. १९८४ मध्ये डॉ. डी. पी. खंडेलवाल यांनी भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची देशभरची संघटना काढली. आज तर फोनवरूनही दुसऱ्या शिक्षकाला विचारता येते.

पण सर "उद्या विचारून सांगतो" म्हणाले, की आपण पारावर म्हणतो, "मास्तरला काही येत नाही." बैठकीला गेले तर, "शाळा सोडून हिंडतात." मग कोणता मास्तर अडलेले कबूल करील? पोराने पुन्हा विचारलेच, तर ओरडून गप्प बसवणे सोपे.

एक करा. चाळीस फूट पारदर्शक नळी सरांना द्या. ती पाण्याने भरायची, वरचे तोंड घट्ट बांधायचे, खालचे विहिरीत बुडते ठेवून वर ओढत न्यायची. पाणी कुठे थांबते ते पोरांनी मोजावे. काठावर दोन मोठी माणसे मात्र हवीत.