शिक्का कोणाचा?

जॅझ हे अमेरिकेचे राष्ट्रीय संगीत, असे आता कोणीही बिनदिक्कत म्हणतो. हा शिक्का कोणी आणि कशासाठी मारला, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

शीतयुद्धात तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मारला. १९५६ साली डिझी गिलेस्पीचा वाद्यवृंद सरकारी खर्चाने परदेशी निघाला; १९५८ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रूबेक मुंबईपर्यंत येऊन गेला. (मुंबईला जॅझची ओळख करून द्यायला सरकारी पाहुणा लागत नव्हता, गोव्याचे वादक इथल्या हॉटेलांत तो केव्हापासून वाजवत होते.) अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर सोव्हिएत प्रचारक नेमके बोट ठेवत, म्हणून काळे-गोरे एकत्र वाजवताना जगाला दाखवायचे होते. आणि त्याच १९५६ साली लुइझियाना राज्याने अशा मिश्र कार्यक्रमांवर कायद्याने बंदी घातली! कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या ताफ्यात दोन्ही वर्णांचे वादक. जगभर ‘अमेरिकेचा राजदूत’ म्हणून मिरवणाऱ्या या माणसाला त्याच राज्यातल्या आपल्या जन्मगावी, न्यू ऑर्लिन्समध्ये, स्वतःचा ताफा घेऊन रंगमंचावर उभे राहायची सोय उरली नाही.

पुढच्याच वर्षी आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरी, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या शाळेत निघालेल्या नऊ काळ्या मुलांना गव्हर्नरने सैनिक उभे करून अडवले. आपला जन्म ४ जुलैचा, म्हणजे थेट देशाच्या स्वातंत्र्यदिनाचा, असे आयुष्यभर सांगत आलेला सदा हसरा आर्मस्ट्राँग तेव्हा भडकला. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यात धमक नाही, असे त्याने एका पत्रकाराला तोंडावर सांगितले आणि सोव्हिएत दौऱ्यावर जायला साफ नकार दिला. गोऱ्यांपुढे लाचारीने हसतो म्हणून त्याला हिणवणाऱ्यांनाही हे अनपेक्षित होते. परराष्ट्र खात्याच्या शिक्क्याला काही वजन आले असेल, तर ते या नकारामुळे.

१९८७ चा ठराव निराळा. अमेरिकी काँग्रेसने जॅझला दुर्मिळ राष्ट्रीय ठेवा म्हटले, ते डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी जॉन कॉनयर्स यांच्या पुढाकाराने. ज्यांना अनेक क्लबांत वाजवायलाही मागच्या दारानेच जावे लागे, त्यांच्या कलेवरचा हक्क त्यांचाच एक वारस देशाच्या दप्तरात नोंदवून घेत होता. ठरावाला कायद्याचे बळ नव्हते. तरी परराष्ट्र खात्याच्या साऱ्या दौऱ्यांपेक्षा त्या एका कागदात मला अधिक देशप्रेम दिसते.