पाहुण्याला नाटक दाखवायचं की नाट्यगृहाची इमारत?

मुंबईत चार-सहा दिवसांसाठी आलेल्या माणसाने नाटक बघायचं ठरवलं तर कुठे जावं? आमच्या हापिसात बाहेरगावच्या (आणि बाहेरदेशीच्या) मंडळींसाठी एक माहितीपत्रक आहे. त्यात हा प्रश्न तीन ओळींत उरकलाय: जुहूचं पृथ्वी, नरिमन पॉइंटचं एनसीपीए आणि बीकेसीतलं अंबानींचं नवं सांस्कृतिक केंद्र. संपलं. दादर नाही, पार्लं नाही, आणि बोरिवली-मुलुंड-ठाणे तर बहुधा भारताच्या नकाशावरच नाहीत.

गंमत म्हणजे हे पत्रक बनवणारा गडी मराठी. दर दोन-तीन महिन्यांनी सहकुटुंब नाटकाला जाणारा. त्याला विचारलं, बाबा रे, तू स्वतः जिथे जातोस ते यात का नाही? तर म्हणे, "अरे त्यांना काय कळणार? लँग्वेजचा प्रॉब्लेम. आणि टॉयलेट बघितलंयस का?"

टॉयलेटवर मी गप्प बसलो. तो मुद्दा त्याचा. पण भाषेचा मुद्दा मात्र साफ खोटा आहे आणि आज त्याचाच समाचार घ्यायचाय.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. माझं पृथ्वीशी काही वाकडं नाही. जेमतेम दोनशे माणसांचं, तिन्ही बाजूंनी रंगमंचाला भिडलेलं ते थिएटर म्हणजे या शहरावर कपूर घराण्याचे उपकार आहेत. पण पृथ्वी उघडलं ते ५ नोव्हेंबर १९७८ ला, आणि तिथे झालेलं पहिलं नाटक कोणतं? 'उद्ध्वस्त धर्मशाळा'. गो. पु. देशपांड्यांचं, मूळ मराठी. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी हिंदीत ते करत होते. बरं, ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं त्याची आठवण म्हणून पाळतात. हा योगायोग की काय ते मला ठाऊक नाही, पण इमारतीची पायरी चढताना तिच्या आत पहिल्यांदा काय घडलं एवढं तरी पाहुण्याला सांगायला काय हरकत आहे? तिथला कॅफे मात्र प्रत्येकाला ठाऊक असतो.

बीकेसीचं केंद्र २०२३ च्या मार्चअखेरीस उघडलं आणि दोनच महिन्यांत तिथे 'साउंड ऑफ म्युझिक' आलं. दोन हजार खुर्च्यांचं झकास थिएटर आहे, मुंबईकराने जरूर बघावं. पण न्यूयॉर्कहून आलेल्या माणसाला मुंबईत ब्रॉडवेचं नाटक दाखवणं म्हणजे कोकणातल्या पाहुण्याला आपल्याकडे नेऊन फ्रोझन सुरमई वाढण्यासारखं आहे. तो बिचारा 'नाइस, नाइस' म्हणणार, आणि मनात म्हणणार, हे तर आमच्याकडे घरापासून चार स्टेशनांवर असतं.

तर भाषा.

ऑनसाईटला गेलेली आपलीच मंडळी व्हिएन्नात ऑपेराला जातात. इटालियनमध्ये. परत आल्यावर तीन महिने फोटो दाखवतात. तेव्हा भाषेचा प्रॉब्लेम कुठे जातो? त्याहून भारी उदाहरण तोक्योचं. तिथल्या काबुकिझा नाट्यगृहात काबुकी चालतं. त्याची भाषा इतकी जुनी की खुद्द जपानी प्रेक्षक जपानी भाषेतलंच स्पष्टीकरण ऐकायला भाड्याने इअरफोन घेतात. तरीही जगभरचे पर्यटक तिथे जातात, कारण तिथे एकच अंक बघण्याचं स्वस्त तिकीट वेगळं मिळतं. तासाभरात बघा, आवडलं तर थांबा, नाहीतर चालू पडा. आपल्याकडे कुठल्या निर्मात्याने असा विचार केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आणि लांब कशाला जायचं? 'वस्त्रहरण'. गंगाराम गवाणकरांची मालवणी. पुणं-नागपूरकडच्या किती प्रेक्षकांना त्यातला शब्द न् शब्द कळत होता? मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच तोंड उघडायच्या आधी लोक हसायला लागायचे. पाच हजारांवर प्रयोग झाले त्याचे. भाषा येणाऱ्यांच्या जिवावर एवढे होत नसतात.

मग घोडं पेंड कुठे खातं? माझ्या मते इंटरफेसमध्ये. (धंद्याचा शब्द आला, क्षमस्व.)

लंडन-न्यूयॉर्कला नाटक एका थिएटरात मुक्काम ठोकून असतं. 'फँटम ऑफ द ऑपेरा' न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक थिएटरात जानेवारी १९८८ पासून एप्रिल २०२३ पर्यंत चाललं. एकाच घरात १३,९८१ प्रयोग. त्यामुळे तिथली गाईड लिहिणं सोपं. नाटक अमुक, पत्ता तमुक, आठवड्याला आठ खेळ, जा आणि बघा. आमचं नाटक बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतं. शनिवारी रात्री दादरचं शिवाजी मंदिर, रविवारी दुपारी पार्ल्याचं दीनानाथ, त्याच रात्री ठाण्याचं गडकरी नाहीतर घाणेकर, पुढच्या आठवड्यात वाशीचं भावे नाहीतर थेट पुणं. नाट्यगृहाच्या तारखा निर्मात्यांमध्ये वाटल्या जातात, ज्याच्या वाट्याला जी आली ती त्याची. नेपथ्य टेम्पोत, कलाकार बसमध्ये. दुपारच्या खेळाचा पडदा पडला की वीस मिनिटांत दिवाणखाना मोडून गाडीत. प्रशांत दामल्यांनी २०२२ च्या नोव्हेंबरात वैयक्तिक १२,५०० वा प्रयोग केला, तो अशा हिंडण्यातून. फँटमचे अख्खे पस्तीस वर्षांचे प्रयोग आणि या एका माणसाचे प्रयोग शेजारी शेजारी लिहून बघा आणि मग पाहुण्याला सांगा की मुंबईत नाटक म्हणजे तीन इमारती!

पण ही हिंडती रंगभूमी परक्याला दिसावी कशी? पूर्वी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती हेच एकमेव वेळापत्रक होतं. अजूनही आमच्या घरी शनिवारी ते पान आधी उघडतं. चौकोनी डबे, डब्यात नाटकाचं नाव, खाली 'रवि. दु. ४ शिवाजी', आणि सगळ्यांत खाली फोन नंबर. आपल्याला हे कसं वाचायचं ते आईच्या दुधासोबत शिकवलेलं असतं. 'यशवंत' म्हटलं की माटुंगा, 'कालिदास' म्हटलं की मुलुंड, 'साहित्य संघ' म्हटलं की गिरगाव. परक्याला 'शिवाजी' म्हणजे विमानतळ, रेल्वे स्टेशन, म्युझियम की नाट्यगृह हे कळायला मार्ग नाही. आता बुकमायशो आहे, तिकिटालय आहे, तिकीट काढणं सोपं झालंय हे कबूल. पण 'हे नाटक कशाबद्दल आहे, किती वेळाचं आहे, मराठी न येणाऱ्याला झेपेल का' या तीन प्रश्नांची उत्तरं दोन ओळी इंग्रजीत किंवा हिंदीत द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? जाहिरातीत नटाचा फोटो आणि 'धमाल', 'तुफान', 'हाऊसफुल्ल'. त्याने काय समजायचं कप्पाळ!

दुसरा घोळ वारांचा. व्यावसायिक नाटकाची भिस्त शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवसांवर. कामासाठी आलेला माणूस सोमवारी उतरतो आणि शुक्रवारी रात्री उडतो. म्हणजे आमची रंगभूमी जागी होते तेव्हा पाहुणा विमानतळाच्या वाटेवर. आठवड्याच्या मधल्या दिवसांत पृथ्वीवर आणि एनसीपीएला काही ना काही असतं, म्हणून ती नावं यादीत जातात. हे कारण प्रामाणिक आहे. पण ते तसं सांगा ना! 'त्यांना कळणार नाही' हे कशाला?

यावर उपाय आहे आणि तो अजिबात महाग नाही. एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, रंगमंचाच्या वर एक पट्टी, आणि स्पेसबार दाबायला एक माणूस. ऑपेराला असे अनुवादाचे फलक पहिल्यांदा लागले १९८३ साली, टोरांटोत. तेव्हा शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने प्रत्येक खुर्चीसमोर छोटे पडदेच बसवले. माझ्या एका नाटकवेड्या मित्राचा आक्षेप असा की आपले नट ॲडिशन घेतात, आजचं वाक्य उद्या नसतं, मग फलक आणि संवाद जुळायचे कसे. बरोबर आहे. म्हणूनच हे काम सॉफ्टवेअरवर सोडू नका (हे मी सांगतोय!). बटण दाबणारा माणूस तालमीतला असावा. नट भरकटला की फलक कोरा ठेवावा. कोऱ्या फलकाखाली सगळं थिएटर हसतंय हे बघून परका माणूसही हसतोच. प्रत्येक खेळाला करा असं माझं म्हणणं नाही. महिन्यातले दोन खेळ, आधी जाहीर केलेले, एवढ्याने सुरुवात होते.

आणि हे सगळं फक्त गोऱ्या पाहुण्यासाठी आहे असं समजू नका. आमच्या टीममध्ये चेन्नईची, कोलकात्याची, लखनौची पोरं आहेत. मुंबईत आठ-आठ, दहा-दहा वर्षं झाली. दादरला उतरून कपडे घेतात, पण तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर दर रविवारी पडदा वर जातो हे त्यांना माहीत नाही. कोलकात्याच्या मुलीला तर नाटकाचं जबरी वेड. तिला कुणी कधी "चल" म्हटलंच नव्हतं.

या अदृश्य असण्याची किंमत असते. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं. गिरणगावातल्या कामगारांचं हक्काचं. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची नमनं, त्यांची कामगार रंगभूमी, सगळ्याला त्याने आसरा दिला. शंभरी ओलांडली आणि २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. मराठी कलावंतांनी आवाज उठवला. उरलेलं शहर? त्याला दामोदर नावाचं काही होतं हेच ठाऊक नव्हतं, तर ते काय बोलणार. हेच समजा पृथ्वीच्या बाबतीत कुणी नुसतं सुचवलं असतं तर इंग्रजी पेपरांची पहिली पानं भरली असती. भरायलाच हवीत! पण परळच्या वाट्याला का नाहीत? याचं एक उत्तर त्या हापिसातल्या तीन ओळींत आहे.

असो. शिव्या देऊन झाल्या, आता कामाचं. पाहुण्याला न्यायचंच असेल तर माझा अनुभव सांगतो.

सोफा, दोन खुर्च्या आणि नवरा-बायकोचं दोन तास संभाषण असलेलं नाटक टाळा, कितीही थोर असलं तरी. ज्यात देह बोलतो किंवा गाणं बोलतं ते निवडा. 'सही रे सही'सारखं काही, ज्यात एकच नट एका बाजूने आत जाऊन क्षणात दुसऱ्याच रूपात दुसरीकडून बाहेर येतो. तिथे भाषा लागतेच कशाला? किंवा 'संगीत देवबाभळी'च्या जातीचं. दोनच बायका, एक तुकोबांची आवली आणि दुसरी लखुबाई होऊन तिच्या घरी आलेली रखुमाई. एवढं एक वाक्य बाहेर उभं राहून सांगितलं की आत बसलेल्याला पुरतं. गोष्ट शेवटासकट आधीच सांगून टाका. सस्पेन्स असेल तर मात्र शेवट गिळा.

खेळ दुपारचा घ्या. तिकीट पुढच्या रांगांचं काढा, पाचशेच्या आसपास पडतं आणि नटाचा चेहरा दिसतो. पंधरा मिनिटं आधी पोचा. तिसरी घंटा, धुपाचा वास, मोबाइल बंद करा म्हणून केलेली विनवणी आणि तरीही पहिल्या दहा मिनिटांत वाजणारा कुणाचा तरी फोन, हा सगळा खेळाचाच भाग आहे. मध्यंतरात बटाटेवडा. रांगेत तुम्ही उभे राहा, पाहुण्याला गर्दी बघू दे. आजी-आजोबा, नातवंडं, नटलेल्या मावश्या, आणि पहिल्या अंकाची चिरफाड करणारे काका. टॉयलेटबद्दल आधीच कल्पना देऊन ठेवा.

ठाणं-मुलुंड असेल तर रविवारचा मेगाब्लॉक बघून निघा. मध्य रेल्वेचा ब्लॉक साधारण अकरा ते चार असतो, म्हणजे नेमका चारच्या खेळाच्या मुळावर. आणि परदेशी पाहुण्याचं विमान रविवारी मध्यरात्रीनंतरचं असेल, बहुतेकांचं असतंच, तर पार्ल्याचं दीनानाथ. पडदा सातच्या आत पडतो, विमानतळ हाकेच्या अंतरावर, मधे निवांत जेवायला वेळ. बॅगा गाडीच्या डिकीत राहू देत.