गाडीच्या नाकात काय घालावं?

मंडळी, विषय वाचून आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना वाटेल की आत्याबाईंचं आता काही खरं नाही. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईनं डिझेल जीपच्या एअर फिल्टरवर लिहायचं म्हणजे जरा अतीच. पण राग आला की मी लिहायला बसते, आणि या वेळचा राग एका रूपकावर आहे.

"आत्या, इंजिनाला मोकळा श्वास घेऊ द्यायला हवा." दोन वर्षांपूर्वी आमचे भाचेबुवा हे वाक्य म्हणाले तेव्हा मी कौतुकानं मान हलवली होती. पोरगं अलंकारिक बोलतंय, शिकवणी वाया गेली नाही! वाक्य दुकानदाराचं होतं हे नंतर कळलं. तेवढ्या एका वाक्यावर त्यानं नव्या डिझेल थारमधला कंपनीचा बंद डबा, म्हणजे ज्याला एअर बॉक्स म्हणतात तो, काढून टाकला आणि बॉनेटखाली एक उघडा शंकू बसवून घेतला. तेल लावलेल्या सुती जाळीचा, लालभडक. कागदी फिल्टर म्हणे इंजिनाचा गळा दाबतो.

रूपक ही फार जपून वापरायची चीज आहे, हे मी वर्गात घसा कोरडा करून सांगत आले. इंजिन श्वास घेतं हे ठीक. पण म्हणून त्याला आपल्यासारखं घुसमटायला होतं, हे कुठून आलं? पेट्रोलच्या गाडीत हवा अडवायला झडप असते, ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते. डिझेलमध्ये तसा कारभार नसतो. तिथे हवा जळणाला लागते त्याहून जास्तच आत येते आणि ताकद ठरते ती डिझेल किती सोडलं त्यावर. ते सोडणार गाडीतला कॉम्प्युटर. शंकू लावला म्हणून तो काही दोन चमचे जास्त वाढत नाही. बरं, उघडा शंकू हवा ओढतो बॉनेटखालची, इंजिनानं तापवलेली. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६० अंश असेल, तर तेवढ्याच जागेत सात-आठ टक्के हवा कमी मावते. म्हणजे मोकळ्या श्वासाच्या नावाखाली पोराला भट्टीशेजारी बसवलं! आवाज मात्र वाढला. आवाज वाढला की ताकद वाढली असं वाटतं, हे वर्गातही पाहिलंय.

आता धुळीचं. यांची पाटबंधारे खात्यातली नोकरी, त्यामुळे लग्नानंतरची पहिली काही वर्षं धरणांच्या कामांवर कॅम्पात गेली. खात्याच्या जीपचे ड्रायव्हरमामा दर रविवारी बॉनेट उघडून एक काळा डबा खाली उतरवायचे. त्यात तेल असे. हवा वरून वेगानं खाली यायची आणि तेलाच्या तोंडाशी एकदम वळून वर जायची. धूळ जड, तिला ते वळण जमायचं नाही, ती तेलात पडायची. उरलीसुरली वरच्या ओल्या जाळीत अडकायची. आठवड्यानं डब्याच्या बुडाशी करपलेल्या पिठल्यासारखा थर बसलेला असे. मामा तो बोटानं काढून मला दाखवायचे, "बाई, हे आपल्या इंजिनात गेलं असतं." फिल्टर कशासाठी असतो हे मला त्या दिवशी कळलं, पुढे कुठल्या दुकानात जायची गरज पडली नाही.

कागदी फिल्टर हा त्या डब्याचा वारस, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक धूळ अडवणारा. भाचेबुवा म्हणतात, "आत्या, माझा शंकूही सत्त्याण्णव टक्के अडवतो, कागदी साडेनव्याण्णव. अडीच टक्क्यांनी काय होतंय?" इथे मला खडू हातात घ्यावासा वाटतो. अरे बाबा, अडलं किती ते कशाला बघतोस, सुटलं किती ते बघ! २.२ लिटरचं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी चाललं, तर टर्बो धरून तासाला दोन लाख लिटरच्या आसपास हवा ओढतं. म्हणजे २०० घनमीटर. माणच्या माळावर पुढच्या गाडीचा धुरळा खात चाललं आहे, घनमीटरला अर्धा ग्रॅम धूळ आहे असं समजू. तासाला १०० ग्रॅम झाली. कागदातून अर्धा ग्रॅम सुटेल, शंकूतून तीन. सहापट! ही वाळूची भुकटी क्वार्ट्झची असली तर कठीणपणाच्या मोजपट्टीवर सात, आणि लोखंड चारच्या आसपास. कोण कोणाला खाणार ते सांगायला नको.

आणि ते झालंच. दोन उन्हाळे माण-खटावची धूळ आणि एक स्पितीची फेरी झाल्यावर गाडी काळा धूर टाकायला लागली. गॅरेजवाल्यानं फिल्टरच्या पुढचा, म्हणजे स्वच्छ हवेच्या बाजूचा पाइप काढून त्यात बोट फिरवलं. बोट पिवळं. टर्बोच्या पंख्याच्या कडा बोथट झालेल्या. हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरवर शंकूच्या तेलाचा थर. खर्चाचा आकडा वहिनींना अजून सांगितलेला नाही आणि त्या हे पान वाचतात, म्हणून लिहीत नाही. एवढंच लिहिते की त्या गाडीत माझ्या भावाच्या ग्रॅच्युइटीचे पैसे आहेत.

धुता येणारा फिल्टर वाईटच असं मी म्हणत नाही. शर्यतीच्या गाडीला तो चालेल, तिचं इंजिन वारंवार उघडतात. पण दिवसभर धुळीत नांगरणारा शेतकरी ट्रॅक्टरला लाल शंकू का लावत नाही? तो वरच्या नळीवर प्लॅस्टिकची वाटी लावतो. हवा त्यात गरगरते, जाड धूळ कडेला फेकली जाते, मग खाली तेलाचा डबा नाहीतर कागद. त्याला कुणी रूपकं विकत नाही, कारण इंजिन बसलं तर हंगाम जातो.

कागदाचा आणखी एक गुण लोकांना उलटा वाटतो. थोडा मळलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा धूळ जास्त अडवतो, कारण आधीचा थरच गाळणी होतो. म्हणून दर शनिवारी पंपावरची हवा मारून तो 'साफ' करू नये. जोराच्या हवेनं कागदाला न दिसणारी छिद्रं पडतात. हलकेच झटकावा, धुळीच्या मुलखात मुदतीआधीच बदलावा, जाताना एक कोरा बरोबर ठेवावा. कागदापेक्षाही त्याच्या कडेचं रबर महत्त्वाचं. ते नीट बसलं नाही तर धूळ बाजूनं जाते आणि वरचं सगळं गणित फुकट.

एवढं होऊन भाचेबुवांचं नवं खूळ स्नॉर्कल. सप्टेंबरात लडाखला जायचंय, या वेळी माझ्या भावाला घेऊन. वय अडुसष्ट, बायपास झालेली. आता स्नॉर्कलला माझा सरसकट विरोध नाही. फोर्सच्या गुरख्याला तो कारखान्यातूनच येतो. छताजवळची हवा चाकाजवळच्या हवेपेक्षा कमी धुळीची, हा त्याचा खरा रोजचा उपयोग. आणि पाणी आत गेलं तर काय होतं हे २६ जुलै २००५ च्या मुंबईत पुष्कळांनी पाहिलं. पाणी दाबलं जात नाही. या इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये, सोळास एक दाब धरला तर, पिस्टन वर आल्यावर जेमतेम ३६ मिलिलिटर जागा उरते. कटिंग चहाच्या निम्मीसुद्धा नाही. तेवढं पाणी आलं की कनेक्टिंग रॉड वाकला.

पण दुकानदार स्नॉर्कल लावणार त्या उघड्या शंकूच्या तोंडाशी नुसता टेकवून! मग छतापर्यंत नळी नेऊन उपयोग काय, पाणी बॉनेटखालूनच शिरणार. स्नॉर्कल बंद डब्याला, प्रत्येक सांधा हवाबंद करून जोडला तरच स्नॉर्कल, नाहीतर ती मुंडावळी. आणि जोडला तरी गाडीची पाणबुडी होत नाही. थारला कंपनी ६५० मिलिमीटर खोलीपर्यंत जा म्हणते. नळीनं वायरिंग, ॲक्सल आणि दारं उंच होत नाहीत.

तेव्हा मी कळवून टाकलं आहे. बंद डबा आणि कोरा कागद बसला, स्वच्छ बाजूच्या पाइपमध्ये बोट फिरवून मला दाखवलं, तरच भाऊ गाडीत बसेल. भावाशी बोलणं झालंय, तो माझ्या बाजूनं आहे.

डबा फेकला नव्हता हे नशीब. वहिनींनी गॅलरीत कपड्यांचे चिमटे ठेवायला घेतला होता. परवा चिमटे काढून धुतला, तर तळाचं पाणी निचरायचं रबरी तोंड गायब. त्याशिवाय डबा बसवायचा नाही असं बजावलंय. सध्या घरभर शोध चालू आहे.