बाटलीवरील नाव कोणाचे?

परदेशी नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी मालेगावी भेटीस आला आणि जाताना, काहीशा संकोचानेच, फ्रान्समधील बोर्दो प्रांताच्या तांबड्या वाइनची एक बाटली टेबलावर ठेवून गेला. मी मद्य घेत नाही, आणि या वयात ती सवय लावून घेण्याचा विचारही नाही. परंतु अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला वस्तूपेक्षा तिच्यावरील चिठ्ठी अधिक बोलकी वाटते. त्या चिठ्ठीवर एका घराण्याच्या मळ्याचे नाव होते, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की ही वाइन मळ्यावरच बाटलीत भरली आहे.

या एका ओळीमागे मालकीचा मोठा झगडा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत बोर्दोचे मळेवाले आपली वाइन बहुधा पिंपांनी शहरातील व्यापाऱ्यांना विकीत. पिंप सव्वादोनशे लिटरचे. त्यातून तीनशे बाटल्या निघत. ती मुरविणे, हवी तशी मिसळणे, बाटलीत भरणे आणि भाव ठरविणे हे सारे व्यापाऱ्याच्या हाती असे. १९२४ साली मुताँ या मळ्याचा तरुण मालक फिलिप द रोथशिल्ड याने सारे पीक मळ्यावरच बाटलीबंद करण्याचा आग्रह धरला. १९३५ मध्ये फ्रान्सने कायदा करून गावाचे व प्रदेशाचे नाव कोणत्या वाइनला लावता येईल, याचे नियम घालून दिले. आज त्या बाटलीला जो भाव येतो, त्यात मातीचा आणि हवेचा वाटा आहेच. पण वेल, तळघर आणि नाव ही तिन्ही एका हातात आहेत, याचा वाटाही लहान नाही.

रोथशिल्ड हे सावकारी पेढ्यांचे घराणे. त्यांच्या गढीपुढे आपण समाजवाद्यांनी हात जोडावेत असे मी मुळीच सुचवीत नाही. परंतु धनिकाने स्वतःच्या हितासाठी जे ओळखले, ते आपल्या शेतकऱ्याला कोणी का सांगितले नाही, हा माझा प्रश्न आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. अबकारी शुल्कात सवलत दिली, विंचूरला वाइन पार्क उभारले. कॅबर्ने, शिराझ, शेनिन ब्लाँ ही नावे निफाड-दिंडोरीच्या बांधावर ऐकू येऊ लागली. कित्येक शेतकऱ्यांनी कर्ज काढून या जातींची लागवड केली. पुढे २००८-०९ च्या जागतिक मंदीत आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर हॉटेलांतील खप घसरला. कारखान्यांनी खरेदीत हात आखडता घेतला, आणि अनेकांनी आपल्या हातांनी लावलेल्या बागा आपल्याच हातांनी तोडल्या.

याचे अर्थशास्त्र सोपे आहे. खाण्याच्या द्राक्षांचा भाव एका व्यापाऱ्याने पाडला, तर शेतकरी दुसऱ्याकडे जाऊ शकतो. काहीच जमले नाही तर बेदाणा करतो. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे आणि जाड सालीचे. ते बाजारच्या पाटीत कोणी विकत घेत नाही. कारखाना हाच त्याचा एकमेव ग्राहक. जिथे विकणारे शेकडो आणि घेणारा एक, तिथे करार कागदावर कितीही सुबक असला तरी भाव घेणाराच ठरवितो. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात. त्या सव्वा किलोची किंमत आणि दुकानातील बाटलीची किंमत यांमधले अंतर कोणाच्या खिशात जाते, हे प्रत्येकाने स्वतः ताडून पाहावे.

मालेगावकराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपला विणकर व्यापाऱ्याच्या सुतावर मीटरमागे मजुरी घेऊन यंत्रमाग चालवितो. कोरे कापड बाहेरगावी रंगाईला जाते आणि दुसऱ्याचेच नाव घेऊन बाजारात येते. माग मालेगावचा, घाम मालेगावचा. नाव मात्र परक्याचे.

जानेवारी २०२२ मध्ये हजार चौरस फुटांवरील दुकानांत वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा राज्यभर वाद पेटला. एक पक्ष म्हणाला, हे शेतकऱ्याच्या हितासाठी आहे. दुसरा म्हणाला, ही घरोघर दारू पोचविण्याची सोय आहे. दुसऱ्या पक्षाची चिंता खोटी नव्हती. दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या संसारांतील स्त्रियांचा आवाज आपल्या चळवळीने नेहमीच ऐकला आहे, आणि तो पुढेही ऐकलाच पाहिजे. परंतु पहिल्या पक्षाला कोणी विचारले नाही, की खप वाढला तर ज्याच्या मालकीची ना टाकी ना नाव, त्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार?

फ्रान्सकडून काही शिकायचेच असेल तर ते बोर्दोच्या गढ्यांपेक्षा दक्षिणेकडील मारोसाँ या खेड्याकडून शिकावे. १९०१ साली तेथील छोट्या द्राक्ष उत्पादकांनी सहकारी संस्था काढली, स्वतःचे सामायिक तळघर बांधले आणि आपली वाइन पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थांना थेट विकली. समाजवादी नेते झाँ जोरेस १९०५ मध्ये ते पाहावयास गेले होते. दोनच वर्षांनी, १९०७ साली, भाव कोसळले आणि साखरपाण्याच्या भेसळीने बाजार भरला, तेव्हा त्याच प्रदेशातील लाखो द्राक्ष उत्पादक रस्त्यावर उतरले. नार्बोनमध्ये सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली. पण सरकारला भेसळीविरुद्ध कायदा करावाच लागला.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धराव्यात. शासकीय सवलत घेणाऱ्या कारखान्याने लागवडीपूर्वीच किमान भावाची आणि बहुवर्षीय खरेदीची हमी द्यावी. उत्पादकांच्या सहकारी तळघरांना भांडवल मिळावे. कारण तांबडी वाइन वर्ष-दीड वर्ष मुरते आणि तेवढा काळ पैसा अडकवून ठेवणे एकट्या शेतकऱ्याला शक्य नाही. सहकाराची अवस्था काय झाली, असे कोणी विचारील. दुखणे पुढाऱ्यांनी आणले, तत्त्वाने नव्हे. हिशेब सभासदांपुढे उघडा ठेवणे हाच त्यावर उपाय.

तिसरी मागणी शेतमजुरांची. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला आणि तोडणीला येणाऱ्या आदिवासी स्त्री-पुरुषांना किमान वेतन आणि राहण्याची माणसासारखी सोय मिळाल्यावाचून, बागाईतदाराच्या न्यायाची भाषा आपल्या तोंडी शोभणार नाही.

ती बाटली अजून माझ्या कपाटात बंद आहे. नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे प्रदेशाचे नाव तरी आता बाटलीवर चढले. त्या प्रदेशात राबणाऱ्यांचे नाव चढविण्याचे काम बाकी आहे, आणि ते आपले आहे.